दोन सुरांची कॅसेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळीत मी एक सी-९० कॅसेट भरली आणि तिच्या अकरा प्रती काढून ओळखीपाळखीत वाटल्या. फराळाच्या डब्यासोबत कॅसेट आलेली पाहून काहींना आनंद झाला, काहींनी ‘ही वाजवायची कशावर?’ असा चेहरा केला. तेव्हापासून फोनवर, लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये तेच तेच प्रश्न येताहेत. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

कॅसेटवर आहे तरी काय?

ब्रिटनमधल्या बँडची चोवीस गाणी. ए बाजूला १९७६च्या अखेरीपासून १९८०पर्यंतचं पोस्ट-पंक, तेरा गाणी. बी बाजूला त्यातूनच पुढे फुटलेलं आडवाटेचं पॉप, अकरा गाणी, १९८१पासून थेट १९९७पर्यंत. ए बाजू टोकदार आहे, बी बाजू गोडसर. पण ती गोडी गुळाची नव्हे, आवळ्यानंतर प्यायलेल्या पाण्याची.

पोस्ट-पंक म्हणजे काय? पंक संपल्यावरचं?

साधारण तसं. पंक म्हणजे तीन कॉर्डवर सुसाट धावणारं रॉक. पण ते संपायच्या आधीच पोस्ट-पंक सुरू झालं होतं.

४ जून १९७६ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. तो ठेवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी. प्रेक्षक मूठभर. पण त्या मुठीत पुढे जॉय डिव्हिजन काढणारे बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक होते. ‘आपण आलो होतो’ असं नंतर सांगणारे इतके निघाले की त्या छोट्या हॉलमध्ये ते मावलेच नसते. शिवाजी पार्कच्या जुन्या सभांचंही तसंच आहे म्हणा.

डेव्होटो आणि शेली यांनी स्वतःचा बँड काढला, बझकॉक्स. उसनेपासने ५०० पौंड जमवून २८ डिसेंबर १९७६ला चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७मध्ये स्वतःच्याच लेबलवर ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची छोटी तबकडी काढली. कोणत्या कंपनीच्या दारात उभं राहिले नाहीत. महिन्याभरात डेव्होटोने बँड सोडला. पंकचा साचा बनायला लागलाय, हे त्याला फार लवकर दिसलं. मग त्याने मॅगझीन काढला. तिकडे सेक्स पिस्टल्स जानेवारी १९७८मध्ये फुटल्यावर त्यांचा गायक जॉन लायडन यानेही ‘रॉटन’ हे नाव टाकून पब्लिक इमेज लिमिटेड उभा केला. पंकचा जोर ठेवायचा, पण पंकची तीच ती तीन कॉर्डची धावपळ सोडायची, असा हा मामला.

यादी का दिली नाहीस?

मुद्दाम. यादी हातात असली की माणूस नावं वाचतो, ऐकत नाही. ज्यांना फारच खाज आहे त्यांनी डबीतला कागद आतून उलटून बघावा, पेन्सिलने बारीक लिहिलंय.

प्लेलिस्ट पाठवली असतीस तर?

प्लेलिस्टला तळ नसतो. कॅसेटला असतो. सी-९०च्या एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकणारी सुमारे १३० मीटर फीत. तेराव्या गाण्याला जागा हवी असेल तर सातव्याला हात लावावा लागतो. मी या ए बाजूसाठी तीन रविवार घालवले. एकदा शेवटचं गाणं संपायला अकरा सेकंद असताना खट्कन बटण वर आलं. पुन्हा पहिल्यापासून.

याच हिशेबामुळे वायर या बँडचं एक छोटं गाणं आत आलं, ‘आउटडोअर मायनर’. अल्बमवर ते पावणेदोन मिनिटांचंच आहे. इतकं गोड गाणं इतक्या लवकर संपतं हे कंपनीला पाहवेना, म्हणून १९७९च्या एकेरी तबकडीसाठी मध्ये पियानो घालून ते लांबवून घेतलं. मी अल्बमवरचंच घेतलं. पियानो छान आहे, पण तो पाहुण्यासारखा बसलाय.

आणि एक. आमच्या लहानपणी ‘कॅसेट भरून घेणे’ हा एक व्यवहार होता. दुकानात कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी न्यायला जायचं. शाळेत असताना पेठेतल्या एका दुकानदाराने मला मागितलेल्या गाण्यांऐवजी अर्धी बाजू सनईने भरून दिली होती. तेव्हापासून मी कॅसेट स्वतःच भरतो.

ए बाजूला गाणाऱ्यांना गाता येत नाही का?

काहींना नाही. पण काहींना न येणं आणि काहींनी नाकारणं, यातला फरक ऐकू येतो. मार्क ई. स्मिथ (द फॉलचा) गात नाही, चाळीच्या गॅलरीतून भांडल्यासारखा बोलतो, वाक्याच्या शेवटी एक ‘अ’ लोंबता ठेवतो. स्लिट्सची ॲरी अप १९७९मध्ये सतरा वर्षांची होती. ती किंचाळते, कुजबुजते, मध्येच खिदळते. यंग मार्बल जायंट्सची ॲलिसन स्टॅटन तर स्वयंपाक करताना स्वतःशी गुणगुणल्यासारखी गाते. कार्डिफच्या या बँडकडे ड्रमर नव्हता. चुलतभावाने घरी बनवलेल्या ड्रम मशिनचे ठोके कॅसेटवर भरायचे आणि मंचावर ती कॅसेट वाजवायची. स्टुडिओत त्यांनी एकच अख्खा अल्बम केला, १९८०चा ‘कलॉसल यूथ’. एवढं कमी वाजवून एवढं भरलेलं मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

स्पीकर बिघडलाय की बेसच एवढा मोठा आहे?

स्पीकर ठीक आहे. इथे बेस गिटार हीच गायिका आहे.

हे आलं जमैकाहून. लंडनच्या, ब्रिस्टलच्या, लीड्सच्या ज्या वस्त्यांत ही गोरी पोरं वाढली तिथे कॅरिबियन शेजारी होते आणि त्यांची रेगे, डब ही संगीतं भिंतीपलीकडून येत होती. लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डॉन लेट्स तबकड्या लावायचा. वाजवायला पुरेशा पंक तबकड्याच तेव्हा निघाल्या नव्हत्या, म्हणून तो रेगे लावायचा. डबमध्ये गाण्यातून एकेक वाद्य काढून घेतात आणि जी पोकळी उरते तिच्यात बेस आणि ढोल घुमतो. पोस्ट-पंकने ती पोकळी उचलली.

ए बाजूच्या मध्यावर स्लिट्सचं ‘न्यूटाऊन’ आहे. हेडफोन लावून ऐका. काडेपेटीची काडी ओढल्याचा आवाज येतो, चमचा पडल्याचा खण्ण आवाज येतो, आणि ते तालात येतात. हा हात निर्माता डेनिस बोव्हेलचा. तो मूळचा बार्बाडोसचा, रेगेतला पक्का माणूस. आमच्या मावशीने हे गाणं ऐकताना दोनदा स्वयंपाकघरात जाऊन बघितलं, काय पडलं म्हणून.

पीटर हुकचं वेगळंच. जॉय डिव्हिजनमध्ये सम्नरची गिटार इतकी जोरात असायची आणि हुकचा ॲम्प, म्हणजे ध्वनिवर्धक, इतका सुमार, की खालच्या सुरांत वाजवलेलं त्याचं त्यालाच ऐकू येईना. म्हणून तो बेसवर वरच्या पट्टीत चाल वाजवायला लागला. हलक्या ॲम्पने एक अख्खी शैली जन्माला घातली.

लीड्सच्या गँग ऑफ फोरमध्ये मात्र गिटारकडे लक्ष द्या. अँडी गिलने व्हॉल्व्हचा उबदार ॲम्प जाणूनबुजून टाळला आणि ट्रान्झिस्टरचा कोरडा आवाज घेतला. सोलोची जागा येते तिथे तो कित्येकदा थांबतोच. पत्रा कापावा तसं वाजवतो, आणि तरी पाय हलतात.

त्या काळ्या टी-शर्टवरच्या पांढऱ्या रेषा यातल्याच एका बँडच्या ना?

हो, जॉय डिव्हिजनच्या. फर्ग्युसन रोडवर हा टी-शर्ट घातलेल्या पोराला मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, ‘डोंगर आहेत काका.’

डोंगर नाहीत. त्या एका स्पंदक ताऱ्याच्या, म्हणजे पल्सारच्या, रेडिओ स्पंदनांचा आलेख आहे. जोसेलिन बेल यांना १९६७मध्ये केंब्रिजला सापडलेला हा पहिला पल्सार, सीपी १९१९. तो दर १.३४ सेकंदांनी ठोका देतो आणि प्रत्येक रेघ म्हणजे एक ठोका. हा आलेख बँडने एका खगोलशास्त्राच्या कोशात पाहिला. पीटर सॅव्हिल या ग्राफिक डिझायनरने त्याचे रंग उलटे करून तो काळ्यावर पांढरा छापला. जून १९७९च्या ‘अननोन प्लेझर्स’ या अल्बमच्या वेष्टनावर पुढे बँडचं नावसुद्धा नाही.

असल्या ठोक्यांचा माग काढणारी रेडिओ दुर्बिणींची रांग आपल्या जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी नावाची, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. द्राक्षाच्या बागांमधून जाताना दिसतात. मी तिथून जाताना हाच अल्बम लावतो, हा माझा बावळटपणा समजा.

अल्बमचा निर्माता मार्टिन हॅनेट. त्याने स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ढोलवादक स्टीफन मॉरिसला ढोलसंच सुटा करून एकेक ढोल वेगळा वाजवायला लावला. म्हणून तो आवाज रिकाम्या कारखान्यातून आल्यासारखा वाटतो. बँडला सुरुवातीला तो आवडला नव्हता. गायक इयन कर्टिसने १८ मे १९८०ला जीवन संपवलं, तेविसाव्या वर्षी. पुष्कळ जण ती गाणी त्या एका तारखेच्या चष्म्यातूनच ऐकतात. मी ‘डिसऑर्डर’ निवडलं, कारण त्यात अजून धावायची घाई आहे.

मग ‘ब्लू मंडे’ का नाही?

सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न. कर्टिसनंतर जॉय डिव्हिजनच्या उरलेल्या तिघांनी गिलियन गिल्बर्टला सोबत घेऊन न्यू ऑर्डर काढला आणि १९८३मध्ये ‘ब्लू मंडे’ आणलं. गाणं साडेसात मिनिटांचं आहे. साडेसात मिनिटांत माझ्या बी बाजूची दोन-अडीच गाणी बसतात. त्याचं वेष्टन फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं होतं आणि ते इतकं महाग पडलं की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरी या त्यांच्या तबकडी कंपनीला तोटा झाला, अशी कथा आहे. कथा फॅक्टरीवाल्यांनीच रंगवलेली, तेव्हा मीठ चवीनुसार.

क्लॅश नाही कारण तो तुम्हाला माहीत आहे. यू टू नाही कारण तो आयरिश आहे. क्युअर नाही कारण जागा उरली नाही आणि त्याबद्दल मला अजून टोचतंय.

बी बाजूला एकदम सगळे मवाळ कसे झाले?

मवाळ नाही, बेरकी झाले.

स्क्रिटी पॉलिटीचं उदाहरण घ्या. १९७८मध्ये लंडनच्या कॅम्डन भागात ही मंडळी रिकाम्या घरात कब्जा करून राहायची, मार्क्सवाद चघळायची, आणि पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंतचा खर्चच छापला. बघा, तुम्हीही काढू शकता, असं सांगायला. १९८०च्या सुरुवातीला ब्रायटनला गँग ऑफ फोरच्या आधी वाजवल्यावर गायक ग्रीन गार्टसाइड कोसळला. तो वेल्सला आईवडिलांच्या घरी गेला, अमेरिकन सोल आणि रेगे ऐकत बसला, आणि आता आपण पॉप करायचं हे सोबत्यांना पटवायला त्याने पानंच्या पानं लिहून काढली. लांबलचक भाषण ऐकून आल्यावर थेट लावणीला जाऊन बसावं, तसला पालट. त्यातून आलं ‘द स्वीटेस्ट गर्ल’. मागे रॉबर्ट वायटची किबोर्ड, पुढे मधासारखा आवाज. मला मात्र अजून वाटतं की ते प्रेमगीत नसून प्रेमगीतांवरचं भाष्य आहे. बायको म्हणते, तुला कुठलीच गोष्ट नुसती ऐकता येत नाही.

हे गाणं लोकांपुढे आलं तेही कॅसेटवरूनच. १९८१मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाने रफ ट्रेड या तबकडी कंपनीबरोबर ‘सी८१’ नावाची कॅसेट काढली. अंकातली कुपनं कापून दीड पौंडासह पाठवायची, कॅसेट पोस्टाने घरी. पहिलंच गाणं हे. पाच वर्षांनी त्यांनीच ‘सी८६’ काढली, बावीस बँडची, आणि गंमत अशी की खणखणत्या गिटारींच्या त्या लाजऱ्याबुजऱ्या पॉपला पुढे ‘सी८६’ हेच नाव पडलं. कॅसेटच्या नावाने संगीताचं घराणं!

यात आपलं कोणी आहे का?

हा प्रश्न पंगतीत जिलबीनंतर हमखास येतो. आहे, आणि ओढूनताणून नाही.

लंडनच्या मोनोक्रोम सेटचा गायक बिड याचं नाव गणेश शेषाद्री. १९७८पासून हा माणूस भुवई उंचावून खवचट गाणी गातोय, आवाजात कुठेही घाई नाही.

लिव्हरपूलच्या एको अँड द बनीमेनचं ‘द कटर’ सुरू होताच जी तंतुवाद्यं आडवी येतात ती एल. शंकर यांची. जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकिर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ या गटात वाजवणारे तेच. जानेवारी १९८३मध्ये आलेलं हे गाणं ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेलं. कर्नाटकी हाताचं व्हायोलिन लिव्हरपूलच्या गारठ्यात वाजतंय आणि दोघांपैकी कोणीच अवघडलेलं नाही.

मॉन्सून या बँडचं ‘एव्हर सो लोन्ली’ १९८२चं. सतार, तबला आणि जेमतेम शाळा सुटलेली शीला चंद्रा. बाराव्या क्रमांकापर्यंत पोचलं.

ए बाजूच्या अखेरीस एलियन कल्चर आहे. तीन ब्रिटिश पाकिस्तानी पोरं आणि एक वेल्श. मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हटलं होतं की वेगळ्या संस्कृतीच्या माणसांनी देश बुडून जाईल अशी लोकांना भीती वाटते. या पोरांनी त्यावरूनच बँडचं बारसं केलं. त्यांनी एकच तबकडी काढली, १९८०मध्ये. ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, तसंच ठेवलंय.

आणि बी बाजूचं शेवटचं गाणं कॉर्नरशॉपचं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. आशा म्हणजे आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. लेस्टरमध्ये जमलेल्या या बँडचं नावच टोमणा आहे, आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार या समजुतीला मारलेला. तजिंदर सिंगने हे गाणं पार्श्वगायिकांवर, लतादीदी आणि रफींवर, घरातल्या छोट्या ४५च्या तबकड्यांवर लिहिलं. १९९७मध्ये ते आलं आणि साठाव्या क्रमांकावर आपटलं. मग नॉर्मन कुक या डीजेने त्याचा वेग वाढवून नाचरं केलं आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. लग्नात डीजे लावतो ते हेच. माझ्या कॅसेटवर मूळचं आहे, संथ. त्या वेगात आशाबाईंचं नाव नीट घेतलं जातं.

आमच्या आईला मी हे ऐकवलं. तिने एकदा पूर्ण ऐकलं आणि विचारलं, ‘एवढं तिचं नाव घेतात, तर तिलाच का नाही बोलावलं गायला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॅसेटचं नाव ‘दोन सुरांची’ का?

ए बाजूचं पहिलं गाणं बझकॉक्सचं ‘बोरडम’. कंटाळा. मध्यावर गिटारचा सोलो येतो. पीट शेली दोनच सूर वाजवतो. तेच दोन, पुन्हा पुन्हा, रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखे, तुम्हाला वाटतं आता तरी पुढे सरकेल, तो सरकत नाही. ५०० पौंडांत आणि एका दिवसात काम उरकायचं होतं, पण ती गरिबी नाही. ते डोळा मारणं आहे.

आता कॅसेट पलटा. बी बाजूचं पहिलं गाणं ग्लासगोच्या ऑरेंज ज्यूसचं ‘रिप इट अप’, १९८३. तेव्हा नवलाईचं असलेलं रोलंड टीबी-३०३ बेस मशीन बुळबुळतंय, गाणं आठव्या क्रमांकावर गेलंय, सगळं तुकतुकीत. मध्येच एडविन कॉलिन्स ‘बोरडम’ हे आपलं आवडतं गाणं असल्याचं गातो आणि मागे गिटारवर तेच दोन सूर वाजतात.

अकरांपैकी फक्त एकीला हे न सांगता कळलं. ती नववीत आहे.

असं भरून वाटणं कायद्यात बसतं का?

मी विकत नाही, आणि मूळ तबकड्या माझ्याकडे विकत घेतलेल्या आहेत. आवडलं तर तुम्हीही घ्या, यातले बरेच बँड अजून वाजवताहेत. १९८१मध्ये ब्रिटनच्या संगीत कंपन्यांनी ‘घरी टेप करणं संगीताचा जीव घेतंय’ अशी मोहीम काढली होती, कॅसेटची कवटी आणि खाली हाडं असं चित्र. त्याच्या वर्षभर आधी बो वाव वावने घरी टेप करण्याची भलामण करणारं गाणं काढलं होतं, तेही कॅसेटवर.

फीत गुंतली तर?

ओढू नका. सहा कोनांची पेन्सिल चाकात घालून हळू फिरवा. नटराज चालते.

शब्द कळत नाहीत.

कॉक्टो ट्विन्सचे कोणालाच कळत नाहीत. बाकीच्यांचे तिसऱ्या खेपेला कळतात. द फॉलचे चौथ्या.

पुढची कॅसेट कधी?

कोऱ्या तीनच उरल्यात आणि डेकचा बेल्ट सैल झालाय, गाणी अर्ध्या सुराने उतरताहेत. बेल्ट मिळाला की भरेन, या वेळी क्युअरसकट. ज्यांनी जुनी परत दिली त्यांना आधी मिळेल. चुकून पुसली जाऊ नये म्हणून मी वरचे दोन्ही कान तोडले आहेत, तेव्हा परत आणताना त्या भोकांवर चिकटपट्टी लावून आणा.